लोहकीस आणि मोबाईल

सिकंदराबाद आणि लोखंड यांचा संबंध जुना आहे. वाडीहून येथवर आगगाडी आली ती १८७४ साली. पुढे १८९३ साली निजामाच्या रेल्वेने लालागुड्यास आपला कारखाना उभारला. आजही राणीगंजच्या बाजूने जावे तो यंत्रसामग्रीची दुकाने आणि आसपासच्या बोळांतून लेथ, ड्रिल व ग्राइंडर चालविणारे लहान लहान कारखाने दृष्टीस पडतात. आमच्या शाळेतील काही मुलांचे वडील अशाच ठिकाणी कामास जातात.

कारागीर सकाळी घरून निघतो तेव्हा जेवणाच्या डब्याबरोबर भ्रमणध्वनीही घेऊनच निघतो. (कोशातला शब्द एकदा लिहून झाला, यापुढे आपण सर्वजण म्हणतो तसे मोबाईलच म्हणू.) गिऱ्हाइकाचे आरेखन त्यावर येते, मजुरीचे पैसे त्यावर जमा होतात, शाळेचा निरोपही तोच पोचवितो. तो बंद पडला म्हणजे दुरुस्तीचा खर्च होतो तो होतोच, शिवाय हाती आलेले काम दुसऱ्याकडे जाते. आणि कारखान्यात मोबाईल लवकर बिघडतात. धूळ सगळीकडेच असते, तिला काय इलाज, असे पुष्कळांस वाटते. परंतु या दोन धुळींत मोठा भेद आहे. रस्त्यावरची धूळ मोबाईलवर नुसती येऊन बसते. लोखंडाच्या किसाला मात्र मोबाईल स्वतःच बोलावून घेतो.

हे कसे, ते मुलांस चटकन उमजेल. कागदावर लोहकीस पसरून खालून चुंबक फिरविण्याचा प्रयोग त्यांनी वर्गात केलेला आहे. मोबाईलमधून जो आवाज निघतो तो चुंबकाच्याच साह्याने. एक नाजूक पडदा, त्यास चिकटलेले तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याशेजारी एक चुंबक, अशी ती रचना असते. हा चुंबक आकाराने लहान पण जोराने भारी असतो. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून असा चुंबक जपानच्या मासातो सागावा यांनी १९८२ साली सिद्ध केला, आणि त्यामुळेच एवढ्या चपट्या वस्तूतून एवढा मोठा आवाज निघणे शक्य झाले. त्याच्यावर बारीक छिद्रांची जाळी असते. परंतु चुंबकाची ओढ जाळीने थांबत नाही. कीस येऊन प्रथम जाळीवर दाढीसारखा उभा राहतो. त्यातले अगदी बारीक कण आत शिरले, तर वेटोळे व चुंबक यांमधल्या अरुंद फटीत अडकतात. मग आवाज खरखरू लागतो, पुढे बसतो. कॅमेऱ्याचे भिंग पुढेमागे सरकविण्यासाठीही पुष्कळ मोबाईलांत चुंबक असतो, तेव्हा तेथेही हीच तऱ्हा.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील लेथवर काम करतात. आपल्यालाच कमी ऐकू येऊ लागले, अशी त्यांची खात्री झाली होती. कारखान्यातल्या गोंगाटाने कान खरोखरच जातात, त्यामुळे त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. पण दुरुस्ती करणाऱ्याने कणकेसारखा एक चिकट गोळा जाळीवर हलकेच दाबून उचलला, तेव्हा त्यावर काळा थर निघाला आणि समोरच्याचे बोलणे पुन्हा स्पष्ट ऐकू येऊ लागले.

पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा चुरा चुंबकाकडे ओढला जात नाही. म्हणून तो निरुपद्रवी मानावा काय? मुळीच नाही. त्यातून वीज वाहते. हल्लीच्या मोबाईलला भारित करण्यासाठी जी लंबगोल खाच असते, तीत चोवीस संपर्कबिंदू असून शेजारच्या दोहोंची मध्यबिंदूंपासूनची अंतरे अवघी अर्धा मिलिमीटर असतात. दोनचार कण तेथे आडवे पडले की नको तेथे वीज जाते. त्यात घाम किंवा पावसाळी दमट हवा मिळाली, म्हणजे गंज चढून संपर्क कायमचा खराब होतो. ग्राइंडरची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या चाकाचे कण काचेहून कठीण असतात, तेव्हा तसल्या धुळीने भरलेला पडदा बाहीने पुसणे म्हणजे तो खरवडणेच होय. उडणाऱ्या ठिणग्याही तापलेल्या पोलादाच्याच असल्यामुळे काचेवर बारीक खळगे पाडतात.

दुकानदार सांगतो, “हा घ्या, यात धूळ जात नाही.” त्याचे म्हणणे खोटे नसते. ‘आयपी ६८’ अशी जी खूण असते तिच्यातला सहा हा आकडा धुळीविषयीचा आहे. परंतु ती परीक्षा बंद पेटीत शंखजिऱ्याची भुकटी उडवून घेतात. शंखजिरे अत्यंत मऊ. त्यातून वीज वाहत नाही की ते चुंबकाला धावत नाही. शिवाय भारित करण्याची खाच बाहेरून उघडीच राहते, आणि जाळीवरही कीस जमतोच. तेव्हा या खुणेवर सगळा भार टाकू नये.

उपाय स्वस्त आहेत. ग्राइंडर चालू असता मोबाईल त्या अंगाला ठेवूच नये, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात तर मुळीच नको. त्या खिशात कीस साठतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा उत्तम. घरातला स्टीलचा डबा भक्कम दिसतो खरा, पण धातूच्या बंद पेटीत रेडिओलहरी नीट पोचत नाहीत, आणि मोबाईल वाजलाच नाही तर तो जवळ असून काय उपयोग! सतत हाताळावा लागत असेल तर तोंड दाबून बंद होणारी पारदर्शक पिशवी घ्यावी. तिच्यातूनही पडद्यावर बोट चालते. मात्र भारित करताना पिशवीतून बाहेर काढावा, नाही तर तो तापतो. चुंबकाने मिटणारी आवरणे कारखान्यात वापरू नयेत, कारण आधीच्या चुंबकात तेवढीच भर पडते.

स्वच्छ करताना एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: कण बाहेर यावयास हवा, आत जावयास नको. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारण्याची सवय सर्रास आढळते. त्या जोराने कण जाळीपार जातात, आणि त्या हवेत तेलपाण्याचा अंशही असतो. मोबाईल बंद करावा, खाच खाली करून हलकेच ठोकावे, मऊ कोरड्या कुंचल्याने झाडावे, अडकलेले लाकडी दातकोरणीने काढावे. टाचणी नको. जाळीसाठी वर सांगितलेला चिकट गोळा बरा. हे झाल्यावरच भारित करावयास लावावा.

मोठा चुंबक मोबाईलजवळ नेऊ नये, त्यातले होकायंत्र बिघडते. पण तोच चुंबक पिशवीत गुंडाळून बाबांच्या कामाच्या कपड्यांवरून फिरवून पाहावा. पिशवी उलटी केली की कीस कागदावर पडतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दोन जातींचे कण दिसतील: काही वळलेल्या सालींसारखे, तर काही मोहरीसारखे अगदी गोल. जे गोल आहेत, त्या विझलेल्या ठिणग्या. वितळलेले पोलाद हवेतच गोठून तसे झालेले असते.