गळ्यातली ग्रंथी, वरची मागणी

‘टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढला’ हा समज घरोघरी आढळतो. बहुतेक वेळा वस्तुस्थिती नेमकी उलटी असते. टीएसएच हे थायरॉईडचे संप्रेरक नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी सोडते. रक्तात थायरॉईडचे संप्रेरक, थायरॉक्सिन, कमी पडू लागले की ती टीएसएच वाढवून थायरॉईडला कामाला लावते, पुरेसे झाले की हात आखडता घेते. म्हणजे रिपोर्टवरचा चढा आकडा ही सहसा थायरॉईड मंदावल्याची खूण. अनेक ग्रंथींचा कारभार असाच परस्परांच्या धाकात चालतो. म्हणूनच एका ग्रंथीचा आकार किंवा एका संप्रेरकाचा आकडा सुटा काढून वाचण्याची सवय मला धोक्याची वाटते.

आयोडीनअभावी होणारा गलगंड हा याचा ढळढळीत पुरावा. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. ते अन्नातून मिळाले नाहीत तर संप्रेरक तयार होत नाही, पण वरून येणारी मागणी काही थांबत नाही. त्या सततच्या रेट्याने पेशी वाढत जातात आणि जेमतेम वीस ग्रॅमची ग्रंथी गळ्यावर ठळक दिसू लागते. दिसायला थोराड, आतून उपाशी! हिमालयाच्या पायथ्याशी पाऊस आणि बर्फाने धुपलेल्या मातीत आयोडीन कमी; तिथे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त, तर एका भागाला साधे मीठ पुरवले. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले; साध्या मिठाच्या भागात तसा फरक पडला नाही. ग्रंथीला कुणी हातही लावला नव्हता. १९६२ मध्ये देशाने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला.

शरीर इतके स्वयंपूर्ण असेल तर थायरॉक्सिनची गोळी कशाला, असे कुणी विचारेल. पण रोगप्रतिकारशक्तीनेच थायरॉईडच्या पेशी नष्ट केल्या असतील, तर मागणी कितीही वाढली तरी पुरवठा करणार कोण? तिथे गोळीला पर्याय नाही. मग टीएसएचची चाचणी निरुपयोगी का? मुळीच नाही. थायरॉक्सिन किंचित घटले तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो, त्यामुळे बिघाड लवकर कळतो. मात्र पीयूषिकाच आजारी असेल, तर थायरॉक्सिन घसरलेले असूनही टीएसएच नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातले मुक्त थायरॉक्सिन, पाहावेच लागते. शिवाय थायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून चाचणी करतात; पंधरा दिवसांत घाईने काढलेला रिपोर्ट पाहून पुन्हा डोस बदलला, तर पहिल्या डोसचा खरा परिणाम कधी कळतच नाही.