टीबी संपला, खोकला राहिला

जालन्याच्या मस्तगडसारख्या जुन्या, दाट वस्तीत टीबी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन उतरलं, संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली की घरचेच म्हणतात, 'थुंकी तपासून घ्या.' हे फार मोलाचं आहे. अडचण येते ती कोर्स पुरा झाल्यावर. वर्ष-दोन वर्षांनी तोच खोकला परततो, बेडक्यात रक्ताची रेघ दिसते, एक्सरेत जुनाच खड्डा दिसतो आणि थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू होतात.

त्या खड्ड्यात अनेकदा ॲस्परजिलस नावाच्या बुरशीने ठाण मांडलेलं असतं. कडबा, ओल लागलेलं धान्य, उकिरडा, सगळीकडे ती असते. तिचे बीजाणू आपण रोजच श्वासातून घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते निपटून टाकतं. टीबीने पोखरलेल्या पोकळीत मात्र ते टिकतात. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात टीबीनंतर अशी पोकळी उरलेल्या ५४४ जणांची पाहणी झाली. २५ टक्क्यांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं होती आणि ११ टक्क्यांच्या एक्सरेत बुरशीचा गोळा दिसत होता. काही वर्षांनी गोळ्याचं प्रमाण १७ टक्क्यांवर गेलं.

सीटी स्कॅनमध्ये हा गोळा ओळखू येतो. पोकळीच्या तळाशी तो गोलसर, करडा दिसतो आणि त्याच्या वर हवेची काळी चंद्रकोर असते. रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन काढला, तर गोळा घरंगळून खाली येतो. गाठ कर्करोगाची असेल तर ती जागची हलत नाही. पण पुष्कळ रुग्णांत गोळा नसतोच, नुसती पोकळीची भिंत जाडावत जाते, आणि फसगत होते ती तिथेच.

सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट ही यंत्रं टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतात. पूर्वी उपचार झालेल्या माणसात मेलेल्या जंतूंचा अंशही कधीकधी त्यांत उमटतो. म्हणून अशा रुग्णात थुंकीचं कल्चर हवं आणि सोबत ॲस्परजिलस आयजीजी ही रक्ततपासणी हवी. टीबीचा पुरावा नाही, जुनी पोकळी आहे आणि तीन महिन्यांहून अधिक त्रास आहे, एवढं जुळलं तरी ही तपासणी लिहायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

याच बुरशीचं दुसरं रूप दम्याच्या आड लपतं. पंप घेऊनही दमा आटोक्यात येत नाही, एक्सरेतले डाग जागा बदलतात. बुरशीच्या ॲलर्जीतून होणाऱ्या या एबीपीए विकारात रक्तातलं एकूण आयजीई पाहतात. त्यासाठीची मर्यादा पूर्वी १००० होती, २०२४च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी ती ५००वर आणली. इथे स्टेरॉइड उपयोगी पडतं. पोकळीतल्या बुरशीत तेच घातक ठरू शकतं, म्हणून दोन्ही रूपांतला फरक काटेकोरपणे करावा लागतो.

२०२१च्या उन्हाळ्यात कोविडमागोमाग आलेल्या म्युकरमायकोसिसने बुरशीचं नाव घरोघरी पोचवलं. ती वेगळी बुरशी झपाट्याने पसरते, त्यामुळे धावपळ झाली. पोकळीतली बुरशी वर्षानुवर्षं रेंगाळते, म्हणून तिच्यासाठी कुणी धावत नाही.

निदान चुकल्याची किंमत मोठी आहे. टीबीवरचं रिफाम्पिसिन बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं. म्हणजे 'दोन्ही देऊन पाहू' हा मार्गही बंद. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इट्राकोनॅझोल सहा महिने घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार उलटला, बारा महिने घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांचा. रक्त जास्त पडू लागलं तर रक्तवाहिनी आतून बंद करावी लागते किंवा फुप्फुसाचा तो भाग काढावा लागतो.

अशा रुग्णात कर्करोगाच्या संशयाने तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढला, तर सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवू नये. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. एक भाग सलाईनमध्ये घालून वेगळा पाठवायला हवा, आणि हे शस्त्रक्रियेआधीच ठरलेलं असावं.