वारा सुटला की गोष्ट हलते

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात मी एक गोष्ट वाचून दाखवत होते. 'एवढ्यात वारा सुटला' या शब्दांपाशी मुद्दामच थांबले आणि पुस्तक मिटलं. म्हटलं, "सांगा बघू, आता पुढं काय होणार?"

झालं! सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. "बाई, दिवा विझणार!" "बाई, होडी उलटणार!" "बाई, दारात कुणीतरी येणार!" उत्तरं वेगवेगळी होती, पण 'काहीच होणार नाही' असं एकानंही म्हटलं नाही. तुम्हीही म्हटलं नसतंत, हो ना? गोष्टीत वारा उगाच सुटत नाही, हे आपल्याला न शिकवताच कळतं.

मला पुस्तकांतला वारा शोधायचा नाद कसा लागला, ते सांगते. मी रायगड जिल्ह्यात समुद्राजवळच्या एका लहान गावात शिकवते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. करोनामुळे शाळा बंदच होती. वादळात शाळेचे पत्रे उडाले आणि पुस्तकांची पेटी चिंब भिजली. पुढं कितीतरी दिवस ऊन पडलं की मी ओसरीत पुस्तकं उघडी करून ठेवायची. चिकटलेली पानं एकेक करून सोडवताना डोळे ओळींवरून फिरायचेच. आणि काय गंमत! या पुस्तकात वारा, त्या पुस्तकात वारा. कविता असो, सागरकथा असो, नाहीतर परीकथा! मग मी मुद्दाम शोधायलाच लागले.

उचलून नेणारा वारा

एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाचं 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' हे पुस्तक १९०० साली निघालं. त्यातली डोरोथी कॅन्ससच्या माळरानावर राहते. सुरुवातीलाच उत्तरेकडून वाऱ्याचा रडल्यासारखा आवाज येतो, दक्षिणेकडून शीळ येते, आणि बघता बघता डोरोथीचं घरच्या घर आकाशात जातं! बॉमनी त्याला 'सायक्लोन' म्हटलंय. पण खरं म्हणजे ते टोर्नेडोचं वर्णन आहे, बरं का. आपल्याकडची चक्रीवादळं समुद्रावर तयार होतात आणि शेकडो किलोमीटर पसरतात. टोर्नेडो त्यामानानं खूपच अरुंद असतो, पण फार जोरात फिरतो.

पी. एल. ट्रॅव्हर्स यांची मेरी पॉपिन्स (१९३४) पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येते आणि वारा बदलेपर्यंतच राहीन, असं सांगते. पुढं पश्चिमेचा वारा सुटतो आणि ती निघून जाते. ज्यूल व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये तर पहिल्याच पानांत भयंकर वादळ आहे, आणि त्यात सापडलेल्या बलूनमध्ये पाच माणसं आणि एक कुत्रा!

आता विचार करा. डोरोथीला घरातून बाहेर काढायला बॉमना दुसरं काही सुचलं नसतं का? सुचलं असतं. पण वाऱ्याला दार उघडावं लागत नाही की परवानगी घ्यावी लागत नाही. आपल्या आयुष्यातले मोठे बदलही असेच येतात. बाबांची बदली होते, शाळा बदलते, आजी जाते. आपल्याला कुणी विचारत नाही. म्हणून वाऱ्याची गोष्ट वाचताना आपल्याला ती आपलीच वाटते.

दिसत नाही, पण आहे

वारा पुस्तकांत आला तो काही काल-परवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाऱ्यावर एक सूक्त आहे. त्याचा आवाज ऐकू येतो, पण रूप दिसत नाही, असं आश्चर्य त्यात व्यक्त केलंय. ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियसला वाऱ्यांचा राखणदार एक कातडी पिशवी देतो. तिच्यात सगळे वादळी वारे कोंडलेले असतात. दहाव्या दिवशी त्याचं गाव दिसायला लागतं. त्याला डुलकी लागते. सोबत्यांना वाटतं, पिशवीत सोनं-चांदी असणार! ते तोंड सोडतात, आणि घराच्या अगदी दारात आलेली गलबतं पार मागं फेकली जातात. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं दर वेळी ओरडतात, "नका सोडू, नका सोडू!"

पण प्रत्येक वारा काही वाईट नसतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी दुसऱ्यांनी लिहून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपानं आली. त्यात उपणणीची एक कविता आहे. मळणी झालेली असते. खळ्यावर उंच उभं राहून धान्य वारवायचं, तर वारा हवाच. वारा पडला की भूस उडत नाही, काम अडतं. म्हणून त्या वाऱ्याला मारुतीचा बाप म्हणून घरच्या माणसासारखी हाक मारतात. डोरोथी ज्याच्यापासून पळते, त्यालाच बहिणाबाई बोलावतात!

दर्यावर्दी लोकांचंही तसंच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसानं ग्रीक भाषेत 'पेरिप्लस' नावाची वाटाड्या-पुस्तिका लिहिली. तिच्यात आपल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावं आहेत. इजिप्तहून भारताकडे यायचं तर साधारण जुलैत निघावं, म्हणजे मोसमी वारा गलबत ढकलत आणतो, असं तिच्यात सांगितलंय. म्हणजे गोष्टीच्या पुस्तकाइतकाच वारा कामाच्या पुस्तकातही होता.

पुस्तकं वाऱ्याला मोजतात

'रॉबिन्सन क्रूसो' तुम्हाला ठाऊक असेल. त्यात क्रूसोच्या पहिल्याच सफरीत वारा वाढतो. तो घाबरतो आणि शपथ घेतो, 'वाचलो तर सरळ घरी जाईन.' दुसऱ्या दिवशी समुद्र शांत होतो आणि हे महाराज शपथ विसरायला लागतात! आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घेतो ना, अगदी तशीच शपथ! हे पुस्तक डॅनियल डिफोनी १७१९ साली लिहिलं. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी त्यांनी 'द स्टॉर्म' नावाचं एक खरंखुरं पुस्तक काढलं होतं. नोव्हेंबर १७०३ मध्ये इंग्लंडात भयंकर वादळ झालं. डिफोंनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, 'तुमच्याकडे काय झालं ते लिहून पाठवा.' लोकांनी पत्रं पाठवली आणि त्यांचं पुस्तक झालं.

पुढं १८०५ च्या सुमारास फ्रान्सिस ब्यूफोर्ट या आरमारी अधिकाऱ्यानं वाऱ्याला ० ते १२ असे आकडे दिले. जहाजावर किती शिडं ठेवता येतात त्यावरून वाऱ्याचा जोर ठरायचा. बारा नंबरच्या वाऱ्यात एकही शीड टिकत नाही. नंतर त्याला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या.

आणि 'सायक्लोन' हा शब्द कुठं तयार झाला, माहीत आहे? आपल्याच देशात, कोलकात्यात! हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली खलाशांसाठी वादळांवर पुस्तक लिहिलं. वेटोळं घातलेल्या सापासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्यावरून त्यांनी हे नाव दिलं. मातला नदीकाठी नवं बंदर बांधू नका, वादळात ते वाहून जाईल, असं त्यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरलना लिहून कळवलं होतं. ऐकलं नाही. १८६७ च्या वादळानं ते पोर्ट कॅनिंग बंदर उद्ध्वस्त केलं.

'निसर्ग'च्या वेळी मात्र हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. किनाऱ्यावरच्या लोकांना सुरक्षित जागी हलवलं गेलं. घरं पडली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, पण पुष्कळ जीव वाचले. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी वारा बघितला, मोजला आणि लिहून ठेवला, त्याचा हा उपयोग!

एका मुलानं वाचलेलं पुस्तक

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे. तिथं २००१-०२ साली मोठा दुष्काळ पडला. विल्यम काम्क्वाम्बा या १४ वर्षांच्या मुलाच्या घरी फी भरायला पैसे नव्हते, म्हणून त्याची शाळा सुटली. पण तो गावच्या प्राथमिक शाळेतल्या छोट्या वाचनालयात जात राहिला. तिथं त्याला एका पुस्तकावर पवनचक्क्यांचं चित्र दिसलं. इंग्रजी नीट येत नव्हतं. तो आकृत्या बघून बघून शिकला. मोडकी सायकल, ट्रॅक्टरचा पंखा आणि पाइपांची पाती जोडून त्यानं पवनचक्की उभी केली. लोक त्याला वेडा म्हणाले. मग वारा आला, पाती फिरली आणि दिवा लागला! २००९ साली त्याच्या स्वतःच्या गोष्टीचं पुस्तक निघालं.

म्हणूनच ओल्या पुस्तकांची ती पेटी मला टाकून देववली नाही. त्यातलं कुठलं पुस्तक कुणाच्या कामी येईल, कोण सांगणार?

तुमची वाऱ्याची वही

आमची शाळा पुन्हा भरायला लागली, तेव्हा एक मुलगी वारा सुटला की कानांवर हात ठेवून बाकाखाली बसायची. तिच्या घराचं छप्पर तिच्या डोळ्यांदेखत गेलं होतं. 'भिऊ नको' म्हणून काही उपयोग होत नव्हता. म्हणून आम्ही वर्गात एक वाऱ्याची वही सुरू केली. रोज एकानं बाहेर जायचं आणि बघायचं. धूर सरळ वर जातोय? शून्य. पानं सळसळताहेत, गालाला वारा लागतोय? दोन. धूळ आणि कागद उडताहेत? चार. मोठ्या फांद्या हलताहेत, छत्री सावरत नाही? सहा. डहाळ्या मोडताहेत, चालणं कठीण झालंय? आठ. पण आठचा वारा मोजायला बाहेर जायचं नाही हं, खिडकीतून बघायचं!

काही महिन्यांनी तीच मुलगी बाहेरून धावत आली आणि म्हणाली, "बाई, आज चारचा वारा आहे. चारला घाबरायचं नसतं." सहाच्या वाऱ्याला ती अजूनही माझ्या टेबलाजवळ येऊन बसते. बसू दे. पण आता ती बाकाखाली जात नाही.

तुम्हीही अशी वही करा. डाव्या पानावर आजच्या वाऱ्याचा नंबर लिहा. उजव्या पानावर, तुमच्या पुस्तकात वारा कुठं सुटला आणि त्यानं काय हलवलं ते लिहा. आई-बाबांनाही विचारा, त्यांच्या लहानपणीच्या पुस्तकांतला कोणता वारा त्यांना आठवतो. बघा, किती गोष्टी निघतात त्या! मग, कधी सुरू करताय?