परसांतील वाढलेल्या झुडपांची छाटणी

माण, आटपाडी, सांगोला या बाजूस वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारें ५०० मिलिमीटर. तेथें घरामागील परसांतील डाळिंब, बोर, लिंबू, मोगरा, जास्वंद हीं झाडें बहुधा न्हाणीच्या व मोरीच्या सांडपाण्यावरच जगतात. विहीर तळास गेली म्हणजे तेंहि पाणी उणें पडतें, आणि जें मिळतें तें निरुपयोगी पाल्याची गर्दी पिऊन टाकते. मग घरधनी कंटाळून कोयता घेतो व भर वैशाखांत सारें परसूं कंबरेएवढें सपाट करतो. अशा रीतीनें कापलेलीं कित्येक झाडें पुढें मृगाचा पाऊस पाहत नाहींत. ही हानि सहज टाळण्याजोगी असल्यानें त्याविषयीं चार गोष्टी आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

झाडांतील पाणी मुख्यतः पानांवाटें उडून जातें. पाला कमी झाला कीं मुळांवरील मागणी घटते, हें खरें. परंतु पानेंच झाडाचें अन्न तयार करतात व खोडास सावलीहि देतात. एकाएकीं सारा पाला उतरविल्यास उघडी पडलेली साल उन्हानें करपते, तडकते आणि तेथून कीड व रोग शिरतात. नुसते शेंडे छाटल्यानेंहि काम भागत नाहीं. प्रत्येक कापाखालीं अनेक फुटवे येऊन बाहेर हिरवी भिंत, आंत अंधार व वाळक्या काटक्या, अशी स्थिति होते. म्हणून छाटणीचा आरंभ शेंड्यापासून नव्हे, बुडापासून करावा.

प्रथम वाळलेल्या, रोगट व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या काढाव्या. नंतर जास्वंद, मेंदी, अडुळसा यांसारख्या अनेक खोडांच्या झुडपांत, पहिला पाऊस चांगला मुरल्यावर, सर्वांत जुन्या खोडांचा तिसरा हिस्सा जमिनीलगत कापावा. दुसऱ्या वर्षीं तितकाच, तिसऱ्या वर्षीं उरलेला. तीन वर्षांत झुडूप नवें होतें, आणि मध्यंतरीं तें उघडें पडत नाहीं.

फळझाडांच्या बाबतींत, फूल कोणत्या काडीवर येतें हें आधीं पाहावें. बोरीस फूल चालू हंगामाच्या नव्या काडीवर येतें. म्हणून तिची छाटणी दरसाल हवी. उन्हाळ्यांत ती पानें गाळून विश्रांति घेते. यामुळें इतर झाडांस घातक असा तो काळ तिला मानवतो. एप्रिलअखेर किंवा मे महिन्यांत तिच्या गेल्या वर्षाच्या काड्या निम्म्यापर्यंत मागें घ्याव्या. कलमी बोरीच्या जोडाखालून येणारे रानबोरीचे फुटवे दिसतांच काढावे. डाळिंबाचें फूल पक्व काडीवरील आखूड फुटव्यांच्या टोकांस येतें. तेथें सर्व शेंडे छाटणारा आपलाच बहार कापतो. फळें उतरल्यावर, पुढील बहाराचें पाणी देण्यापूर्वीं, तीन-चार खोडें राखून बुडचे फुटवे काढावे व मधली गर्दी विरळ करावी; एवढें पुरे. लिंबाच्या झाडास वाळलेलें लांकूड व सरळ उभे वाढणारे पाणसोट यांखेरीज कात्री लावूं नये. मोगऱ्यास मात्र कठोर छाटणी मानवते. नोव्हेंबरअखेर त्याचें पाणी तोडावें, जानेवारींत झुडूप निम्म्यावर आणावें व खत-पाणी द्यावें. म्हणजे उन्हाळ्यांत नव्या काडीवर कळ्या येतात.

काप डोळ्याच्या वर सुमारें अर्धा सेंटिमीटर व किंचित तिरपा घ्यावा. डोळा झुडपाच्या बाहेरच्या अंगास असावा. जाड फांदी एका घावांत तोडल्यास ती आपल्या भारानें खोडाची साल सोलीत खालीं येते. यास्तव खोडापासून वीतभर अंतरावर प्रथम खालून तिसऱ्या हिश्श्याइतका काप घ्यावा, त्याच्या किंचित पुढें वरून कापून फांदी पाडावी, व उरलेला खुंट बुडाशीं असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा. फळझाडांच्या मोठ्या कापांस बोर्डो मलम लावावें. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यांत, व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरांत, असें वेगवेगळें भिजवून एकत्र करावें; भांडें लोखंडी नसावें. ऊन लागेल त्या खोडास चुन्याचा हात द्यावा.

छाटलेला माल फुकट घालवूं नये. बोरीचा पाला शेळ्यांस आवडतो, कांट्या कुंपणास उपयोगी पडतात. निरोगी पाला आळ्यांत पसरल्यास ओल टिकते. रोगट काटक्या जाळाव्या. कण्हेर मात्र विषारी असल्यानें ती जनावरांपुढें टाकूं नये व चुलींतहि घालूं नये.

छाटणीचा दिवस ठरविण्यापूर्वीं घरांतील स्त्रियांस अवश्य विचारावें. कोणतें झाड देवास फूल देतें, कोणत्या सावलींत भांडीं घासलीं जातात, कोठल्या जाळींत सापाविंचवाची भीति आहे, हें त्यांस अधिक ठाऊक असतें. आणि उन्हाळ्यांत परसांत घागर बहुधा त्याच नेतात. शेतांतील एक पीक बुडालें तर पुढील हंगामाची आशा असते. परंतु परसांतील दहा वर्षांचें डाळिंब एका दुपारच्या घाईनें गेलें, तर तें पुन्हां उभें करण्यास तितकींच वर्षें व तितक्याच घागरी लागतात.