दाभाडे : आडनावाचं गाव

मावळातल्या तळेगावला गेलं, की पाटीवरच आडनाव दिसतं : तळेगाव दाभाडे. गावावरून आडनावं पडतात. इथे उलटं घडलं.

1717 मध्ये छत्रपती शाहूंनी खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिलं. 1731 मध्ये त्यांचे पुत्र त्रिंबकराव डभोईच्या लढाईत पडले आणि कारभार खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंनी समर्थपणे पेलला. वणीच्या सप्तशृंगगडाच्या पायऱ्या त्यांनीच बांधवल्या. बडोद्याचे गायकवाडही मूळचे दाभाड्यांच्याच हाताखालचे सरदार.

आज मावळाबाहेर मराठवाड्यात, विदर्भातही, निरनिराळ्या समाजांत दाभाडे भेटतात. त्या सगळ्यांना एकाच घराण्याचे वंशज मानणं मात्र चूक ठरेल.

इंद्रायणीकाठची इंदोरीची गढी सेनापती दाभाड्यांच्या घराण्याची. बुरूज खाली दगडी, वर विटांचे. मावळात आलात तर ती जरूर पाहा.