चिक्कीचे दोन डबे

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीचा डबा भरून घेताय असं धरा. दहा खण, प्रत्येकात शेंगदाण्याची वडी किंवा तिळाची. दर खणाला दोन पर्याय, म्हणून डबा भरण्याच्या तऱ्हा १०२४.

शेजारी तसाच दुसरा डबा ठेवा. बेरीज करून २०४८ म्हणावंसं वाटतं, पण पहिल्याच्या प्रत्येक तऱ्हेसोबत दुसऱ्याच्या सगळ्या तऱ्हा संभवतात. म्हणून गुणाकार : १०,४८,५७६. सांख्यिकीय भौतिकशास्त्राचा पाया हाच. स्वतंत्र संस्थांच्या अवस्थांचा गुणाकार होतो, लॉगरिदम घेतला की त्याची बेरीज होते. एन्ट्रॉपी तऱ्हांच्या या लॉगरिदमवरूनच मोजतात; ती बेरजेने वाढते ती यामुळेच. व्हिएन्नात भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनच्या समाधीवर कोरलेल्या एन्ट्रॉपीच्या सूत्रातला ‘डब्ल्यू’ म्हणजे ही तऱ्हांची संख्या.

खरी गोडी पुढे आहे. प्रत्येक डब्यात पाच-पाच वड्या, अशी अट घाला. एका डब्याच्या तऱ्हा २५२, दोन्ही मिळून ६३,५०४. आता डबे एक करा. एकूण वड्या त्याच दहा-दहा, पण कुठल्याही खणात. तऱ्हा होतात १,८४,७५६! घाटातल्या टपरीवरचा वाफाळता चहा निवतो तोही याच हिशेबाने. ऊर्जा गार हवेत गेली की ती वाटून घेण्याच्या तऱ्हा वाढतात.

तऱ्हा मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील, असं भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) विचारलं आहे. उत्तर : ३६,२८,८००.