हरवलेला नव्हे, काढून घेतलेला

काल सायंकाळपर्यंत बिनतक्रार चाललेला एखादा प्रोग्राम आज सकाळी कचेरीतील संगणकावरून नाहीसा व्हावा, दोन दिवसांनी कोणी हात न लावता तो परत दिसावा आणि पुढे पुन्हा अदृश्य व्हावा, असे घडू लागले म्हणजे संशय प्रथम व्हायरसवर आणि नंतर त्या संगणकावर बसणाऱ्या कारकुनावर जातो. यांतला दुसरा संशय मला फार सलतो. कारण जेथे विंडोजचे संगणक एका डोमेनमध्ये जोडलेले असून प्रोग्राम ग्रुप पॉलिसीमार्फत सर्वत्र बसवले जातात, तेथे असा प्रोग्राम बहुधा रीतसर हुकमानेच काढला गेलेला असतो. विंडोज २००० पासून या व्यवस्थेत अशी तरतूद आहे की, प्रोग्राम बसवण्याचा हुकूम ज्या संगणकाला लागू राहिला नाही, त्या संगणकावरून तो आपोआप उतरवला जावा; प्रशासक त्या चौकटीत एकदा खूण करतो, आणि वर्षभराने ती कोणाच्या स्मरणातही राहत नाही.

मी पाहिलेल्या एका कचेरीत हिशेबाच्या प्रोग्रामच्या हुकमाला एक डब्ल्यूएमआय फिल्टर जोडलेला होता: सी ड्राइव्हवर दहा जीबी जागा मोकळी असेल तरच हुकूम लागू. एका संगणकावर अकरा जीबी मोकळी होती. प्रोग्रामने दोन जीबी व्यापली, नऊ उरली. पुढच्या रीस्टार्टला अट पुरी होईना, म्हणून प्रोग्राम उतरवला गेला. तो जाताच जागा पुन्हा अकरा झाली, आणि त्यापुढच्या रीस्टार्टला तो परत बसला. इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिले, तर सिस्टिमच्या नोंदवहीत ३०३ क्रमांकाची, म्हणजे हुकूम मागे घेतल्याची, आणि ॲप्लिकेशनच्या नोंदवहीत एमएसआय इन्स्टॉलरची १०३४ क्रमांकाची, म्हणजे प्रोग्राम काढल्याची नोंद त्याच सकाळची होती, आणि तोवर त्या खुर्चीवर कोणी येऊन बसलेलेही नव्हते.

नेटवर्क तुटल्यामुळे प्रोग्राम गेला, असेही पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. वस्तुतः हे हुकूम पुरवणाऱ्या डोमेन कंट्रोलरकडून उत्तरच आले नाही, तर संगणक काहीही काढत नाही. आणि जोडणी ५०० केबीपीएसपेक्षा मंद आढळली, तर सॉफ्टवेअरचा भाग मूळ योजनेप्रमाणे वगळला जातो, इतकेच. प्रोग्राम काढला जाण्यासाठी हुकमांची यादी सुखरूप हाती यावी लागते आणि तीत तो हुकूम नसावा लागतो. म्हणून कंट्रोलर एकाहून अधिक असतील, तर त्यांच्या दफ्तरांत एकवाक्यता आहे काय, हे पाहणे अगत्याचे; हुकूम एखाद्या सुरक्षा-गटापुरताच असेल आणि संगणकाला त्या गटात घातल्याची नोंद एका कंट्रोलरकडे पोचली आणि दुसऱ्याकडे अडकली असेल, तर सकाळी कोणत्या कंट्रोलरने उत्तर दिले यावर प्रोग्रामचे असणे-नसणे ठरते. दोन शाखांमधील नोंदींची देवघेव मुळात १८० मिनिटांच्या अंतराने होते, हेही विसरू नये.

पॉलिसी ताजी करणारी जीपीअपडेट ही आज्ञा चालवली की प्रोग्राम तत्काळ परत येतो, ही समजूतही चुकीची आहे. ग्रुप पॉलिसी साधारण ९० ते १२० मिनिटांनी पार्श्वभूमीत ताजी होते खरी, परंतु प्रोग्राम बसवणे व काढणे संगणक सुरू होताना अथवा वापरकर्ता लॉग-इन करतानाच घडते.

तेव्हा प्रोग्राम नाहीसा झालेल्या सकाळी, रीस्टार्ट करण्यापूर्वी, त्याच संगणकावर प्रशासकाच्या अधिकाराने जीपीरिझल्टचा अहवाल काढावा; कोणता हुकूम नाकारला गेला, कोणत्या कारणाने, आणि उत्तर देणारा कंट्रोलर कोणता, हे तिन्ही त्यात लिहिलेले असते. या कचेरीत तो अहवाल निघाला त्याच दिवशी फिल्टर काढून टाकण्यात आला, आणि कारकून बाईंकडून आधी मागवलेला लेखी खुलासा त्यांच्या फाइलमधून काढून त्यांच्या हाती परत देण्यात आला.